पुट्टीवहिनीचं घर

एजंटकाकांनी पुट्टीवहिनीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका भिंतीला मारत होती. दुरुस्ती म्हणावी असं त्यात काही दिसत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट, मालक परगावी, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायचं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी फोन करून विचारलं होतं, की वर काम चाललंय की कोणाचा खून? काका धापा टाकत जिने चढले. हॉलमध्ये धुळीचा लोट उठला होता आणि त्या लोटात एक बारीक चणीची बाई ओढणी तोंडावर बांधून, दोन्ही हातांनी हातोडी धरून, फुगलेल्या गिलाव्यावर घाव घालत होती. प्रत्येक घावाबरोबर तिच्या घशातून हुंकार निघत होता.

"अहो बाई, हळू! भिंत आहे ती. दुश्मन नाही तुमची."

ती थांबली. ओढणी खाली ओढून म्हणाली, "फुगलेलं हळू मारलं की अर्धं आत राहतं काका. वरून रंग दिला की महिन्याभरात पुन्हा पोट काढतं. मग गिऱ्हाईक तुमचं पोट काढेल."

काकांना हसू आलं. पण संध्याकाळी ते पुन्हा गेले तेव्हा मात्र त्यांनी तोंडात बोट घातलं. भिंत नुसती भरलेली नव्हती, तिला कधी काही झालं होतं याचाच पत्ता नव्हता. चष्मा वर करून, तळवा फिरवून त्यांनी जोड शोधला. सापडला नाही.

"कुठे शिकलात हे?"

"घरीच."

"घरी काय शाळा काढली आहे?"

"हो ना. मास्तर फार कडक आहेत," ती म्हणाली, आणि हसली. ओठ मिटून हसायची तिची पद्धत होती. काकांना वाटलं, बाई लाजाळू असेल.

काकांचा धंदा जुनी घरं विकून देण्याचा. घर आहे तसं दाखवलं तर गिऱ्हाईक जिन्यातूनच मागे फिरतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दाखवण्याआधी घराला अंघोळ घालावी लागते, असं ते म्हणत. हे अंघोळ घालण्याचं काम हळूहळू सगळंच तिच्याकडे आलं. ती आधी मालकाचे फोटो, औषधांच्या बाटल्या, दाराशी साठलेल्या चपला बाहेर काढायची. "घेणाऱ्याला आपलं घर दिसलं पाहिजे. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून आलोय असं वाटलं की संपलं," म्हणायची. बिजागऱ्यांना तेल, ठिबकणारे नळ बंद, मिणमिणते दिवे बदललेले. मग भिंती. जळता बल्ब हातात घेऊन भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायची. तिरप्या उजेडात खवल्याएवढा उंचवटाही सावली टाकतो. ती सावली मिटेपर्यंत ती पॉलिशपेपर घासत राहायची.

"माणूस भिंतीकडे बघत नाही काका, हात फिरवतो. बोलता बोलता फिरवतो. हाताला काही खटकलं, की चहा पितो, छान आहे म्हणतो आणि पुन्हा येत नाही."

कामगार तिला पुट्टीवहिनी म्हणायचे. वहिनी हे नवऱ्यामुळे. नवरा बसडेपोत मेकॅनिक होता आणि डेपोच्या व्हॉलीबॉल संघाचा कॅप्टन. सगळं गाव त्याला कॅप्टन म्हणायचं. कोणाचा गॅसचा सिलिंडर वर चढवायचा असो, कोणाच्या आजीला उचलून गाडीत बसवायचं असो, कॅप्टन हजर. काकांच्या ऑफिसवरून जाताना हमखास ओरडायचा, "काय काका, आज कोणाच्या गळ्यात काय मारलंत?" काकांना तो आवडायचा. नाही आवडणार कसा?

वहिनी कधी मनगटाला फडकं बांधून कामाला यायची, कधी डोळ्याखाली निळं घेऊन. शिडीवरून पडले, म्हणायची. या कामात माणसं पडतातच. एकदा तिचा खालचा ओठ सुपासारखा सुजला होता, तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, ती शिडी तुमची मोडीत काढा बरं."

"काढायची आहे," ती म्हणाली. "मोडीवाला मिळत नाही."

असं बरंच चाललं. मग एका दुपारी ती काकांच्या ऑफिसात आली आणि टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"काका, एक घर विकायचंय."

"कोणाचं?"

"माझं."

काकांनी पेपर बाजूला ठेवला. ते घर तिच्या वडिलांनी बांधलेलं, हे त्यांना माहीत होतं. वडिलांमागे ते तिच्या आणि तिच्या थोरल्या भावाच्या नावावर झालं होतं. कॅप्टन त्यात राहायचा, एवढंच.

"कॅप्टनला विचारलंत?"

"त्याच्यापासून सुटायलाच विकायचंय." आणि मग ती उभ्या उभ्याच बोलत गेली, दुसऱ्या कोणाच्या घरातली ओल सांगावी तशी. डेपोत साहेब ओरडला की घरी पाना चालतो. सामना हरला की चालतो. जिंकला की आधी मित्रांना जेवण, मग ते गेल्यावर चालतो. कधी तिच्यावर, कधी ती वाकली तर भिंतीवर. "भिंतीला लागलं की भरावं लागायचं. सकाळी कोणी आलं तर दिसायला नको. पहिल्यांदा पीठ कालवून भरलं होतं हो! मुंग्या लागल्या. मग दुकानात जाऊन विचारलं, भोक बुजवायला काय मिळतं? तिथून सगळी शाळा."

काका म्हणाले, "इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं माझ्यापुरतं होतं. परवा पाना लेकीच्या कानाजवळून गेला. केस उडाले तिचे. भिंतीत हे एवढं भोक." तिने मूठ दाखवली. "त्याचंही मी काही बोलले नसते कदाचित. पण सकाळी ते भरायला बसले, आणि लेक न सांगता पुट्टी कालवून घेऊन आली. बरोब्बर कालवली होती, काका. एक गुठळी नाही. तेव्हा मी ठरवलं, की हिला हे यायला नको."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. 

"भावाची सही लागेल," काका म्हणाले.

"तिथेच तर घोडं अडलंय. दादाला खरंच वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी कॅप्टन ड्यूटीवर असताना काका घर बघायला गेले. बैठं घर, तीन खोल्या, मागे धुण्याची जागा. काकांनी आयुष्यात हजारो घरं पाहिली असतील, पण असं नेटकं नाही. भिंती आरशासारख्या. दारं बोटाने ढकलली तरी आवाज न करता मिटत. धंद्याच्या सवयीने त्यांनी बल्ब मागितला आणि भिंतीला लावून धरला. सावली पडेना.

"वहिनी, हे घर मी उद्या विकून दाखवतो."

"तेच तर ना! एकदा चौकीवर गेले होते. हवालदार आला, सगळीकडे फिरला, चहा प्याला, माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, घर छान ठेवलंय, भांड्याला भांडं लागतंच. दादा येतो, कॅप्टन त्याला स्टेशनवर घ्यायला जातो, बॅग उचलतो. दादा भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, बेबी, तुझं काहीतरी मनाचं आहे. माझ्या हातानेच मी माझी साक्ष पुसली, काका."

शनिवारी दादा यायचा होता. ती म्हणाली, तुम्ही या. चार शब्द तुम्हीही सांगा.

दादा आला. जाडजूड, सज्जन, घाम पुसत बसणारा माणूस. लग्न त्यानेच जुळवलं होतं, त्यामुळे मेहुण्याबद्दल काही ऐकलं की ते त्याला स्वतःवर आल्यासारखं व्हायचं. लेक शाळेत होती, कॅप्टन डेपोत. काकांनी चाचरत विषय काढला.

"तुम्ही एजंट आहात," दादा म्हणाला. "घर विकलं गेलं तर तुमचा फायदा. मला काय सांगताय?"

काकांचं तोंड एवढंसं झालं.

"दादा, मी सांगतेय ना!" वहिनी म्हणाली.

"बेबी, अगं आईच्या आजारपणात तो माणूस दवाखान्यात बाकड्यावर झोपलाय. मी झोपलो नाही. आणि तू म्हणतेस तो पान्याने मारतो. कुठे मारतो? दाखव. एक ओरखडा दाखव मला या घरात!"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि हातोडी अन् छिन्नी घेऊन आली.

"बेबी?"

ती दारामागच्या भिंतीशी गेली, तळवा फिरवला, बोटांनी जागा हेरली आणि छिन्नी न लावताच हातोडी घातली. पहिल्या घावाला रंग तडकला. दुसऱ्याला पुट्टीचा गोल तुकडा सुटून दादाच्या पायाशी पडला. आत भोक होतं, विटेपर्यंत.

"हा स्टुलाचा पाय," ती म्हणाली. "लेक पोटात होती."

मग ती थांबली नाही. खिडकीखाली घाव. "हा पाना." कपाटाशेजारी घाव. "हाही पाना. मी खाली बसले म्हणून वाचले." स्वयंपाकघराच्या चौकटीला तिने छिन्नी लावली, तर लाकडाचा चिकटवलेला ढलपा सालीसारखा निघाला आणि मागे उभी चीर. "इथे माझं डोकं." हुंकार, घाव, हुंकार, घाव. घरभर पांढरी धूळ उठली. काकांना ते पहिल्या दिवसाचे घाव आठवले, आणि ती तेव्हा कोणाला मारत होती ते आत्ता कळलं. 

"बेबी, थांब," दादा म्हणाला.

"का? दाखव म्हणालास ना?"

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, अगदी खाली, तिने एक तुकडा फोडला आणि गुडघ्यांवर बसून बोटांनी आत चाचपलं. काहीतरी निघालं. तिने ते ओढणीला पुसून उजेडात धरलं. दात होता. मुळासकट.

"हा इथे होता होय," ती म्हणाली, हरवलेली सुई सापडावी तशी. "कुठे टाकावा कळेना. कचऱ्यात टाकवेना. भोक भरतच होते, म्हटलं राहू दे इथेच." तिने तोंड उघडून दादाला उजवीकडची रिकामी जागा दाखवली. दादाने बहिणीच्या तोंडात बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारच्याने डेपोत फोन केला होता, की तुमच्या घरात कोणीतरी भिंती पाडतंय. कॅप्टन दारात उभा राहिला, हातात त्याची कामाची पिशवी, चेहऱ्यावर नेहमीचं हसू.

"अरे दादा! कळवायचं नाही का, मी आलो असतो घ्या..."

मग त्याला भिंती दिसल्या. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. तो सावकाश एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत बघत गेला.

"ए," तो म्हणाला, "हे काय करून ठेवलंस?"

दादा समोर बसलाय, काका उभे आहेत, याचं त्याला भानच राहिलं नसावं. त्याने दोन ढांगांत खोली ओलांडली आणि तिच्या थोबाडीत अशी मारली की ती कपाटावर आदळली. काका मध्ये पडले. म्हाताऱ्या माणसाने मध्ये पडायचं म्हणजे काय, नुसते हात पसरले. कॅप्टनने त्यांना कोपराने असं ढकललं की चष्मा एकीकडे, काका एकीकडे. बरगडीत कळ आली आणि श्वास अडकला. त्यांना पुढचं धूसर दिसलं, पण आवाज सगळे नीट आले. लाथेचा आवाज. पुन्हा लाथ. आणि पिशवीतून लोखंड निघाल्याचा खणखणाट.

"सोड तिला!" हा दादाचा आवाज. दादासारखा माणूस असा ओरडू शकतो हे काकांना खरं वाटलं नसतं. तो जड माणूस सगळ्या वजनानिशी कॅप्टनच्या पाठीवर पडला. दोघं भेलकांडले, टेबल उलटलं, तांब्या गडगडत गेला. कॅप्टन तरुण आणि तयारीचा. त्याने दादाला खाली घेतलं, गुडघा छातीवर दिला, एका हाताने गळा धरला आणि दुसऱ्या हाताने पाना उचलला.

वहिनी कपाटाला धरून उठली. नाकातून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. हातोडी अजून तिच्या हातातच होती. तिने दोन्ही हातांनी ती उचलली आणि फुगलेल्या गिलाव्यावर घालावी तशी, अर्धं आत राहू न देता, पाना धरलेल्या मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज काकांनी आधी कधी ऐकला नव्हता. सुकी फांदी मोडते तसा असतो. कॅप्टन किंचाळला आणि मनगट पोटाशी धरून गोळा झाला. पाना फरशीवर पडला. तिने तो पायाने लांब सारला आणि हातोडी पुन्हा उचलली. हात डोक्याच्या वर गेला. कॅप्टनने दुसरा हात तोंडावर घेतला आणि म्हणाला, "नको, नको गं." काकांना वाटलं, आता ही थांबत नाही. त्या क्षणी थांबू नये असंही त्यांना वाटलं, आणि सज्जन माणसाला आपल्या मनात असं काही येतं याची भीतीही.

"बेबी, लेक यायची वेळ झाली," दादा खालूनच, घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. मग हात खाली आला. "काका," ती धापा टाकत म्हणाली, "पोलिसांना फोन लावा. आणि कोणी काही झाडायचं नाही. सगळं असंच राहू दे."

या वेळी हवालदार चहा प्याला नाही. त्याच्याबरोबर फौजदारीणबाई आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक भोकाचा फोटो काढायला लावला, दात पिशवीत बंद केला, आणि मनगटाचं काय, असं विचारल्यावर दादा गळ्यावरचे वळ दाखवत म्हणाला, "नसतं मोडलं तर मी तुमच्याशी बोलायला नसतो." तिच्यावरही त्यासाठी चौकशी लागली, चांगली वर्षभर खेचली, पण शेवटी सुटली.

दादाने विक्रीच्या कागदावर सही केली ती तिथेच, उलटलेलं टेबल सरळ करून.

आता घर विकायचं होतं, आणि ते चाळणी झालेलं. काकांनी माणुसकीने एक रंगारी पाठवला, तुम्ही हात लावू नका म्हणाले. वहिनीने दारात उभं राहून त्याचं काम थोडा वेळ पाहिलं आणि त्याच्या हातातला पुट्टी ओढायचा पत्रा काढून घेतला. "पुट्टी भरतोयस की भाकरी थापतोयस? सरक." लेक मदतीला आली तर तिला तिने पुस्तक देऊन मागच्या दारी बसवलं. ते घर तिने शेवटचं एकटीनेच भरलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं, नवराबायको. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, का विकताय? काकांकडे अशा वेळची उत्तरं तयार असतात, बदली झाली, मुलगा बोलावतोय. पण वहिनी आधीच बोलून गेली, "नवरा मारायचा. आता सुटलाय जामिनावर. इथे राहायचं नाही." काकांनी कपाळावर हात मारला. नवराबायकोने चहाही घेतला नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी खिडकीतून दगड आला. काच पलंगभर उडाली, गिऱ्हाइकाच्या म्हातारीच्या पायावर रक्त आलं आणि गल्लीच्या तोंडाशी, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला माणूस, चालत निघून गेला. अगदी सावकाश. वहिनीने म्हातारीचा पाय बांधला, काच गोळा केली, चौकीवर जाऊन जामिनावर सुटलेल्याने दगड मारल्याचं सांगून आली आणि दुपारी नवी काच बसवायला घेतली.

"अहो, राहू दे आज," काका म्हणाले.

"संध्याकाळी तिसरं गिऱ्हाईक आहे ना?"

तिसरी बाई ट्रकचा धंदा करणारी होती, विधवा, आवाज खर्जातला. बरोबर दोन मुलगे, दरवाजातून आडवे होऊन आत यावेत असे. तिने भिंतीवरून हात फिरवला, दारं उघडली-मिटली आणि तोच प्रश्न विचारला. वहिनीने तेच उत्तर दिलं, आणि सकाळच्या दगडाचंही सांगितलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

"दगड उजव्या हाताने मारतो की डाव्या?" बाईने विचारलं.

"आता डाव्या."

"बरं झालं. नेम चुकेल." बाई मुलांकडे वळली. "काय रे, आवडलं का घर?"

मुलगे हो म्हणाले. व्यवहार झाला. कॅप्टन त्यानंतर एकदा त्या फाटकाशी आला होता म्हणतात. काय झालं ते त्या मुलांनी कोणाला सांगितलं नाही, आणि कॅप्टनने तर नाहीच. पुढे खटल्याचा निकाल लागला आणि तो आत गेला.

काकांची बरगडी अजून थंडीत दुखते. पुट्टीवहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, लेक कॉलेजात आहे. सध्या ती एका शाळेच्या इमारतीचं काम करते आहे, आणि त्यासाठी तिने जुनी स्कूटर घेतली आहे.